टाकीवरची गाठ

काकांचं कुठलंही बोलणं "जेवलात का?" या प्रश्नानं सुरू व्हायचं. सकाळी आठला भेटले तरी हेच, टायर फुटला तरी हेच. एखादा ड्रायव्हर फोनवर ओरडून सांगत असायचा की गाडी मधेच बंद पडलीय, माल खराब होईल, आणि काका इकडून शांतपणे विचारायचे, "ते बघू. तू जेवलास का?" तिकडचा आवाज निम्म्यावर यायचा. असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हा प्रश्नच आपल्याला पडत नाही.

आमचे पाच ट्रक होते. तलासरीत हायवेलगत पत्र्याचं यार्ड होतं. डहाणूच्या वाड्यांमधले चिकू आणि गुजरातच्या बाजूच्या कारखान्यांचा माल आम्ही वाहायचो. २०१४ साली यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला आणि धंदा माझ्या अंगावर पडला. मला तेव्हा ट्रकच्या पुढच्या चाकापलीकडे काही कळत नव्हतं. काका मात्र सुरुवातीपासून होते. यांना ट्रक चालवायला त्यांनीच शिकवलेलं. वय झाल्यावर स्टेअरिंग सोडून ते यार्ड सांभाळायला लागले. दर रविवारी ते घरी येऊन यांची दाढी करायचे. यांचं तोंड एका बाजूला ओढलेलं, त्यामुळे न्हावी घाबरायचा. काका गालाला हलकेच ताण देत, कोळीवाड्यातल्या भांडणांच्या गोष्टी सांगत वस्तरा फिरवायचे, आणि यांच्या अर्ध्या तोंडावर हसू यायचं. मी आतून बघत राहायचे. त्या दिवसांत मला यार्डातही आणि घरातही त्यांचाच आधार होता.

या धंद्यात टोल किती, हप्ता किती, हे आधी कळतं. डिझेलचं मात्र गाडी परत येईपर्यंत काही खरं नसतं. हायवेवर पाइप आणि कॅन घेऊन बसलेली माणसं असतात. ड्रायव्हर जेवून उठेपर्यंत टाकी हलकी होते, कधी त्याच्या नकळत, कधी त्याच्याच मर्जीनं. आम्ही टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं, तर कुलूप तुटलं. तोंडाशी जाळी बसवली, तर जाळी कापली गेली. मी रडकुंडीला आले तेव्हा काकांनी त्यांचा उपाय काढला.

पंपावरून भरून आलेली गाडी यार्डात उभी राहिली की काका झाकणाला लाल धागा बांधायला लागले. धागा महालक्ष्मीच्या जत्रेतून आणलेला. बांधताना डोळे मिटून देवीचं नाव घ्यायचं, वर कुंकवाचं बोट लावायचं. आमचे ड्रायव्हर सगळे आसपासच्या पाड्यांवरचे, देवीला मानणारे. कुलूप तोडणारे हात धाग्याला भ्यायचे. त्यातून एखादा निगरगट्ट निघालाच, तर गाठ होती. काका किनाऱ्यावरच्या आगर गावचे, घरची होडी होती, त्यामुळे गाठ दर्यावरची. ती सुटायची सहज, पण पुन्हा तशी बांधणं हायवेवर कोणाला जमत नव्हतं. एकानं वाटेत नुसती हौस म्हणून सोडून पाहिली आणि मग ती बांधता बांधता त्याची जेवायची वेळ टळली. धागा हातात धरून, खाली मान घालून तो यार्डात आला. काका म्हणाले, "जेवला नसशील." सगळं यार्ड हसलं, तोही हसला.

चोऱ्या खरंच कमी झाल्या. शेजारच्या यार्डातले लोक धागा बघायला येऊ लागले. काकांनी ड्रायव्हरांना चालवायलाही नव्यानं शिकवलं. चप्पल काढून अ‍ॅक्सिलरेटरवर पाय ठेवायला लावायचे आणि सांगायचे, "पायाखाली ताजं पापलेट हाय समज. दाबलंस तर बाजारात कोण घेणार?" गाडी एका लिटरला किती पळते, त्याला ड्रायव्हर लोक अ‍ॅव्हरेज म्हणतात. आमचं अ‍ॅव्हरेज सुधारलं. मी काकांना मनातल्या मनात नमस्कार करायचे.

सायवनचा एक ड्रायव्हर होता. काकांनीच आणलेला. दारू नाही, उलट उत्तर नाही, गाडी धुऊनपुसून ठेवणार. त्याच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरायला लागलं. मी काकांना विचारलं. काकांनी परत आलेल्या गाडीच्या झाकणावरची गाठ मला दाखवली.

"धागा शाबूत हाय वैनी, म्हणजे चोरी नाय. पाय जड हाय त्याचा."

त्याला पुन्हा शिकवलं गेलं. तो अनवाणी चालवू लागला, चढावर हळू चालणाऱ्या ट्रकांमागे मुकाट राहू लागला, पोचायला उशीर करून इतरांच्या शिव्या खाऊ लागला. अ‍ॅव्हरेज आणखी उतरलं. शेवटी काकाच म्हणाले, "काढा त्याला. त्याचं बघून बाकीचे पण बिघडतील. माझ्याच्यानं सांगवणार नाय, तुम्ही सांगा."

मी सांगितलं. त्यानं वाद घातला नाही. चावी टेबलावर ठेवून आपल्या पायाकडे बघत म्हणाला, "मला कळतच नाय वैनी, कुठं दाबला जातो ते." काका त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला हायवेपर्यंत सोडायला गेले. मला वाटलं, केवढं मन आहे या माणसाचं.

पुढच्या वर्षी एका ट्रकची टाकी वेल्डिंगला वापीला गेली. तिथल्या मेकॅनिकनं टाकीत बसवायचं एक यंत्र दाखवलं. टाकीत डिझेल किती आहे ते मोबाइलवर दिसतं म्हणे. मी लगेच बसवून घेतलं. काकांचे गुडघे दुखायचे, प्रत्येक गाडीखाली वाकून गाठी बांधायला त्यांना त्रास व्हायचा. एकदा नीट चालतंय बघू, मग दाखवून त्यांना चकित करू, असं मी ठरवलं.

गाडी पंपावरून भरून यार्डात आली. दुपारी ड्रायव्हर जेवायला गेले होते. मी ऑफिसात मोबाइल उघडून बसले, आणि बघता बघता डिझेलची रेघ खाली आली. गाडी तर समोर उभी होती. यंत्र बिघडलं असं समजून मी काकांना सांगायलाच बाहेर आले.

काका गाडीच्या पलीकडच्या बाजूला होते. भरलेला कॅन पत्र्याआड सरकवून ते झाकणाला धागा बांधत होते. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरीही त्यांनी नेहमीसारखे हात जोडले, कुंकू लावलं. मला आजही तेच आठवतं. धागा बांधल्यानंतर काय होतं याकडे आम्ही सगळे इतकी वर्षं डोळ्यांत तेल घालून बघत होतो. बांधण्याआधी काय होतं, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

त्यांनी मला पाहिलं. दचकले नाहीत.

"वैनी, जेवलात का?"

मी कॅनकडे बोट दाखवलं. ते खाली बसले, गुडघे चोळले. म्हणाले, "नेतो थोडं. होडीला लागतं. पहिल्यापासून नेतो."

"आणि सायवनचा?"

"त्याची गाडी टाकीला मोठी. त्यातून जास्त निघायचं." मग मला समजावल्यासारखं म्हणाले, "कोणावर तरी नाव येणारच होतं ना वैनी."

मी पोलिसांत गेले नाही. काका दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. यांना सांगितलं तेव्हा यांनी भिंतीकडे तोंड केलं. रविवारी मी वस्तरा घेऊन बसले तर चांगल्या हातानं माझा हात ढकलला. पुढं कितीतरी दिवस यांनी दाढी करू दिली नाही. मला काकांचा संताप येत होता आणि त्याच वेळी त्यांच्यावाचून यार्ड ओकंबोकं वाटत होतं. चोरानं डिझेल न्यावं, एक वेळ समजू शकते. या माणसानं माझी माणसं ओळखण्याची नजरच नेली. कोणी मायेनं काही विचारलं की मी आता आधी त्याच्या हातांकडे बघते.

सायवनला जायचा धीर गोळा करायला मला वेळ लागला. २०१९च्या उन्हाळ्यात गेले. तो आता ट्रक चालवत नव्हता, चिकूच्या वाडीत मजुरीला जायचा. अंगणात खाट टाकून त्यानं मला बसवलं. त्याच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी सगळं सांगितलं, कॅन, यंत्र, गाठ. तुझा पाय कधीच जड नव्हता, परत ये, म्हणाले.

 तो हळूच म्हणाला, "काका असं नाय करणार वैनी."

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं."

"काका अजून येतात आमच्याकडे. गेल्या महिन्यात सुकी मासळी घेऊन आले होते." त्याच्या आवाजात राग नव्हता, तो मला आठवण करून देत होता. "मला हायवेवर सोडायला आले ना, तेव्हा रडत होते. म्हणाले, 'मी लय सांगितलं तुझ्यासाठी, पण वैनी कोणाचं ऐकत नाय.' आधी मला काढलं, आता काकांना पण काढलं तुम्ही."

दारात उभी असलेली त्याची बायको पुढं आली. माझ्यासमोर ठेवलेला पाण्याचा तांब्या तिनं उचलला आणि आत नेला. मी अजून पाणी प्यायले नव्हते.