दचकणारं बाळ

मला बाळ होण्याचा पगार मिळत असे. म्हणजे मी स्वतःच बाळ व्हायचो: मिशीसकट, टोपडं घालून, चादरीच्या झोळीत. साठच्या दशकाच्या शेवटी आरोग्यखात्याच्या प्रचारासाठी मी आणि एक नर्सबाई मावळात गावोगाव खेळ करायचो. नुकतं जन्मलेलं मूल घरच्यांनी कसं पारखावं, हे त्या माझ्या अंगावर दाखवायच्या. दूध नीट ओढतं का, कातडी पिवळी दिसते का, हातपाय सारखे हलतात का. शेवटी त्या माझ्या कानामागे टाळी वाजवत आणि मी असा दचके, असे हातपाय झाडे, की झोळीतून थेट जमिनीवर! लोक हसून लोळत. त्या पडण्यावर माझा फार जीव होता.

कुसगावच्या वरच्या डोंगरवाडीत खेळ संपला आणि आम्ही एका ओट्यावर कोरा चहा घेत बसलो. घराघरांतून टाळ्या ऐकू येत होत्या. लोक आपापल्या पोरांवर करून बघत होते. टाळी, मग तान्ह्याचं रडं, मग हसणं. मी अगदी फुगून बसलो होतो.

तेवढ्यात शेजारच्या घरातली म्हातारी आली. "भाऊ, आमचं न्हाई दचकत."

"मावशी, मग ते माझ्यापेक्षा धीट!"

तिची सून दारातून हसत म्हणाली, "लय गुणाचं हाय. दारात कुत्री भांडली तरी उठत न्हाई."

नर्सबाई हसल्या नाहीत. चहा तसाच ठेवून त्यांच्या घरात गेल्या. मीही मागोमाग गेलो. बाळ जागं होतं, आढ्याकडे बघत होतं. त्यांनी त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. मग पितळी ताटावर पळी हाणली. मी खराखुरा दचकलो. बाळ आढ्याकडेच बघत राहिलं.

"पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या," त्या म्हणाल्या. "कान तपासतील."

बाळाचा बाप कोपऱ्यात उभा होता. "तितं नेल्यावर ऐकू यील?"

"तपासू तर द्या."

"यील का, त्ये सांगा."

आशा फार थोडी आहे, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी पळी ताटात ठेवली.

"मंग आमाला दावलंच कशाला? सकाळपातुर बरं व्हतं पोर आमचं."

मी डोक्यावरचं टोपडं काढून हातात धरलं.

"लवकर कळलं हे बरं," बाई म्हणाल्या. "तुमचं तोंड दिसेल असं समोर बसून बोला याच्याशी. गप्प राहू नका. मोठा झाला की पुण्यात अशा मुलांची शाळा आहे."

सून आता हसत नव्हती. "बाई, मी रोज गाती याच्यापाशी. त्यातलं काईच न्हाई ऐकलं यानं?"

"तुझं तोंड बघतो ना तो. गात जा."

तिनं बाळाला झोळीत घातलं.

"गा की गं," म्हातारी म्हणाली.

सून ओठ घट्ट मिटून झोका देत राहिली.