मेरापीचा दगड वाजत नाही

विठ्ठलवाडीहून निघताना बायकोला बजावलं, "बघून येतो. हो म्हणेनच असं नाही." आमच्या सुजाताला जावा बेटावर दोन वर्षं ज्वालामुखीच्या दगडांवरून त्याच्या स्फोटांचा अभ्यास करायला बोलावलं होतं. होकार कळवण्याआधी ती जागा बघायला निघाली, आणि मी मागे लागलो. पाटे-वरवंटे घडवण्यात माझी हयात गेली. दगड काय, आपल्या मलंगगडाला नाहीत?

जावाला उतरलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मेरापी ज्वालामुखी दिसला. शेंड्यावर धूर, आणि पायथ्याशी माणसं निवांत भात लावतायत! मी दोन पावलं मागे सरलो. सुजाता मात्र खुशीत.

"बाबा, इथे समुद्राचा तळ जमिनीखाली सरकतो. त्यातलं पाणी सुटून वर चढतं आणि त्यामुळे तिथला तापलेला खडक वितळतो. आपल्या मलंगगडाकडचा लाव्हारस पातळ होता, धिरड्यासारखा पसरला. इथल्या रसात सिलिका जास्त, म्हणून तो चिकट. वाफ आत कोंडते."

"मग?"

"मग फुटतो."

"छान! आणि तू त्याच्याखाली राहणार."

गावात सुरोनो नावाचे म्हातारे कारागीर चोबेक (चटणी वाटायचं दगडी ताट) घडवत होते. माझे हात शिवशिवले. आम्ही पाथरवट दगड आधी ठोकून ऐकतो. खणखणला तर अस्सल, बद्द वाजला तर आत तडा. मी त्यांचा एक तयार चोबेक ठोकला. बद्द! दुसरा, तिसरा, तेच. मी मोठ्या शहाणपणाने सगळे बाजूला सारले आणि "फुटके" अशी हाताने खूण केली. म्हाताऱ्यांचा चेहरा पडला.

सुजाताने एक चोबेक ओला केला, भिंग लावलं. "तडा नाही बाबा. वाफेची बारीक भोकं आहेत. आवाज त्यांत मुरतो."

त्याच चोबेकात सुरोनोंनी मिरच्या दणादण ठेचल्या. दगड हलला नाही की फुटला नाही, आणि संबल (मिरचीची चटणी) अशी झकास झाली की काय सांगू! भाताबरोबर पहिला घास मलाच दिला. लाज वाटली, सरळ सांगतो. मी कान पकडले, तेव्हा ते खदखदून हसले आणि आणखी भात वाढला.

घरी आलो. सुजाता सामान घेऊन आत गेली, बायको दारातच. "काय ठरलं?"

पन्नास वर्षं मी दगडाचा आवाज ऐकला, पण तो तसा का वाजतो हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. पोरीला सुचतं. भीती अजून वाटते, खोटं कशाला बोलू?

"जाऊ दे तिला," मी म्हणालो.

"आणि डोंगर फुटला तर?"

"तर त्या गावाला आधी सांगणारं कुणीतरी हवं ना? आपली सांगेल."

ती आत वळून म्हणाली, "सुजा, विमानात लोणचं नेऊ देतात का गं?"