राखेतले वाल

आमच्या बचत गटात कुणाची कोथिंबीर पिवळी पडली की बायका म्हणतात, "जयश्रीला विचारा." मी वाणगावची. लग्न होऊन तलासरीकडे वेवजीला आले ती टिपांची वही घेऊनच. शिळ्या भाताचे वडे, दुधीच्या सालीची चटणी, पिळलेल्या लिंबानं तांब्याची भांडी, सगळं वहीत. काही फेकायचं नाही हा माझा बाणा, आणि त्याचा मला माज होता. माज हाच शब्द बरोबर आहे. त्या माजात मी सासूचं चाळीस वर्षांचं नाव शिजवून खाल्लं, वर ओलं खोबरं पेरून.

माझी सासू बायजी. तिला लिहितावाचता येत नाही, वही कुठून असणार? पण सुक्या बोंबलाच्या दोन तुकड्यांत ती सहा माणसांचं कालवण करते, भाताची पेज मीठ टाकून पिते, आणि चुलीची राखसुद्धा चाळून ठेवते. कुणाला सांगायला मात्र जात नाही. मी तिला मनातल्या मनात भोळी समजत होते.

श्रावणात ती चार दिवस लेकीकडे, लाडकीकडे गेली होती. तेवढ्यात माझ्या आईचा फोन, "रविवारी मी आणि तुझी वहिनी येतोय." पावसात भाजी महाग, जी मिळते ती सडकी. मी घर धुंडाळलं. चुलीच्या वर माळ्यावर धुरानं काळं झालेलं एक मडकं होतं, तोंड शेणामातीनं लिंपलेलं. फोडलं तर आत राख आणि राखेत वाल, बारके, तांबूस. म्हातारी ठेवून विसरली, असं वाटलं. इतकं चांगलं कडधान्य राखेत वाया चाललंय! मी ते धुतले, भिजवले, मोड आणले, एकेक सोलला. मूठभर गणंग निघाले, रात्रभर पाण्यात राहूनही न फुगलेले. तेही फेकले नाहीत, वाळवून डबीत ठेवले.

रविवारी बायजी दुपारच्या गाडीनं परतली आणि माझ्या आईशेजारी जेवायला बसली. पहिला घास घेऊन थांबली.

"वाल कुठनं आणलंस?"

"घरातलेच, आई. माळ्यावर मडकं पडून होतं ना! एक पैसा लागला नाही," मी माझ्या आईकडे बघत म्हटलं.

बायजीनं एकदा माळ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "चांगलं झालंय." आणि पुन्हा मागून घेतलं. ताट बोटानं पुसून खाल्लं. निघताना माझी आई म्हणाली, "सासू नशिबानं मिळाली हो तुला." मला ते माझ्या बिरड्याचं कौतुक वाटलं.

कार्तिकात भात कापून झाला. शेतात ओल असते तोवर वाल पेरायचे. शेजारची गंगीकाकी रिकामं सूप घेऊन आली. "बायजी, बी काढ."

तेव्हा मला कळलं. आदल्या कार्तिकात मी बाळंतपणाला माहेरी होते, म्हणून हे पाहिलंच नव्हतं. पाड्यातल्या बायका पिकलेले वाल खाऊन विकून मोकळ्या होतात, बी राखते ती बायजी. ओंजळभर न्यायचं, फाल्गुनात ओंजळभर परत आणून टाकायचं. तिच्या सासूनं तिच्या हाती दिलेलं काम.

"औंदा बी नाय," बायजी म्हणाली. "उंदरांनी खाल्लं."

"तुझ्या बियाला उंदीर? राख घालाया विसरलीस काय?"

"विसरलं असंल. म्हातारी झाले आता."

मी आत चुलीपाशी. दार चार पावलांवर. बाहेर जाऊन खरं सांगायला हवं होतं, आणि मी गेले नाही. भांडं घासत राहिले, घासलेलंच.

पुढचे पंधरा दिवस पाड्यात एकच बोलणं, बायजीचा हात गेला. त्यातच आमच्या गटाच्या मेळाव्यात मला काटकसरीवर बोलायला उभं केलं. एकीनं विचारलं, कडधान्याला कीड लागू नये म्हणून काय करायचं? मी म्हटलं, "राखेत ठेवा." टाळ्या पडल्या. पुढेच बसलेली गंगीकाकी म्हणाली, "बायजीपण राखच घालाची गं. वय झालं, काय करणार." मी घोटभर पाणी प्यायले आणि पुढची टीप सांगितली. इतकी नालायक मी स्वतःला कधी वाटले नव्हते.

घरी आल्या आल्या गणंगांची डबी बायजीपुढे ठेवली. "आई, एवढेच उरलेत. मला ठाऊक नव्हतं हो."

तिनं एक दाणा दाताखाली धरून पाहिला. "हे जितं हाय," ती म्हणाली.

"त्या दिवशी का नाही बोललात? उलट मागून खाल्लंत!"

"तुझी आय बसलेली. आन् शिजवलेलं बी टाकलं असतं तर दोनदा मेलं असतं."

मग टणक सालीतून पाणी आत शिरावं म्हणून तिनं एकेक दाणा पाट्यावर हलकेच घासला आणि न्हाणीच्या सांडपाण्याजवळ कुडाशी टोचला. अकरा वेल आले. रोज सकाळी मी ते बघायला जायचे, लेकराला बघावं तशी.

फाल्गुनात शेंगा वाळल्या. ओट्यावर आम्ही दोघी सोलत होतो, बायजीनं शेजारी राखेचं घमेलं ठेवलं होतं. गंगीकाकी येता येता थांबली. "जयश्री, औंदा बी तूच ठेव. तू शिकलेली हायस. बायजीच्या हाताचा आता भरवसा नाय."

बायजीनं मान वर केली नाही. शेंग सोलत राहिली.

"काकी, उंदीर नव्हता," मी म्हटलं. "मी खाल्लं ते बी. माहेरच्या माणसांना बिरडं घातलं आणि इतके महिने गप्प बसले. आई काही विसरल्या नव्हत्या."

गंगीकाकीचा आ वासलेला. बायजीनं हातातली शेंग आदळली आणि माझ्यावर अशी ओरडली की कुडावरचे कावळे उडाले. "कोणी सांगाया सांगितलं तुला? घरातलं घरात ठेवता नाय येत? आन् मडकं फोडताना इचाराया तोंड नव्हतं? माझ्या सासूचं बी होतं ते!"

गंगीकाकी तिच्याजवळ टेकली आणि शेंगा सोलू लागली. बायजी थांबेना. चुलीपासून माळ्यापर्यंत, श्रावणापासून फाल्गुनापर्यंत सगळं काढलं तिनं. मग घमेलं माझ्याकडे ढकललं. "राख चाळ. खडा ऱ्हायला नाय पायजे."

इतके महिने ती मला एका शब्दानं रागावली नव्हती, तेच मला आतून खात होतं. अजून बोला, आई, असं मनात म्हणत मी राख चाळत राहिले.