कूलरच्या टाकीतलं तवसं

कांताकाकू माझी सख्खी काकू नाही. सरकारी क्वार्टरमध्ये त्यांची आणि आमची भिंत एक होती, बस. पण मी नववीत शाळा सोडली तेव्हा अख्खी कॉलनी मला अक्कल शिकवत होती, आणि ही एकटी म्हणाली, "रिकामी आहेस ना? मग ये, माती चाळून दे." तेव्हापासून तिच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही.

तेव्हा खंडेरावकाका होते. तिचे मिस्टर, ऑफिसात क्लार्क, मूळ कोकणातले. तळमजल्याच्या एवढ्याशा ओट्यावर त्यांनी रंगाच्या बादल्यांत मिरच्या-वांगी लावलेली, आणि जुन्या कूलरच्या टाकीत तवसं. तवसं म्हणजे कोकणातली मोठी काकडी. पिवळं झालं की काकू किसून, गूळ घालून त्याचं धोंडस करायची. दुपारभर वास यायचा. शाळेत होते तोवर मी दप्तर टाकून आधी तिच्याकडेच पळायचे. दिल्लीत कुठल्या मंडीत हे तवसं मी कधी बघितलं नाही. बी काकांच्या आईकडचं.

काका रिटायर झाले, क्वार्टर गेलं, दोन वर्षांत काकाही गेले. काकू आता करोल बागेत चौथ्या मजल्यावर एका खोलीत राहते. समोर अर्धी गच्ची. सामान हलवताना तिने कपाट विकलं, कूलरची टाकी मात्र टेम्पोत घालून आणली.

गावचं घर बंद पडलंय, तिथे आता कोणी काही लावत नाही. काकूच्या डबीत पाच बिया उरल्या होत्या. यंदा अक्षय्य तृतीयेला तिने त्यातल्या चार लावल्या.

"काकू, पागल झालीस का? चव्वेचाळीस डिग्री आहे बाहेर."

"सासूबाई याच दिवशी लावायच्या."

"त्या कोकणात होत्या ना यार."

"हो, तू शिकव मला. दहावीपर्यंत पोचली नाहीस ती."

चारही भाजल्या. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, जसं काही ऊन मीच पाडलं होतं. पाचवी मी डबीतून काढूच दिली नाही. जुलैत पाऊस पडल्यावर लावली.

उगवली. वेल चारपाईच्या दोरीवरून वर गेला, फुलं आली. पण काकडी बोटाएवढी झाली की पिवळी पडायची आणि गळायची. तीन गेल्या. काकू खत घालत होती, पाणी घालत होती, जेवत मात्र नव्हती नीट. वेल असाच वाळला असता तर ते बी कायमचं संपलं असतं.

एका सकाळी मी गेले तर ती उलट्या बादलीवर बसलेली. म्हणाली, "रेवती, आमचे हे काय करायचे गं रोज फुलांशी?"

मला आठवलं. बनियनमधले काका, एक फूल तोडून दुसऱ्या फुलात टेकवायचे आणि हळूच "शुभमंगल सावधान" म्हणायचे. काकू आतून ओरडायची, "लागलं लग्न? मग दूध आणा आता." आम्ही पोरं खीखी हसायचो. माणूस जरा सरकलेला आहे असंच सगळ्यांना वाटायचं. इथे चौथ्या मजल्यावर एक मधमाशी दिसत नाही, तेव्हा कळलं, काका मधमाशीचं काम करायचे.

"मागे काकडी नाही ते फूल नवरा," मी म्हटलं. काकांनीच सांगितलेलं.

तिने फूल तोडलं, पाकळ्या काढल्या. छोट्या काकडीच्या फुलापाशी नेऊन थांबली.

"मंगलाष्टक म्हणायचं का?"

"म्हण की."

"लाज वाटते. तूच म्हण."

मी म्हटलं. ती काकडी गळली नाही.

दसऱ्यानंतर तवसं कापलं. बिया धुऊन पेपरवर वाळत घातल्या, आणि काकूने धोंडस केलं. गूळ जास्त झालेला.

"काकांना फार आवडायचं ना?"

"छे. तोंड वाकडं करून दोन घास खायचे. मला आवडतं म्हणून लावायचे."

मग तिने अजून एक तुकडा वाढून घेतला.