माळ थांबली की...

नोकरी जाण्याची भीती बसलेल्या ऑफिसात काम सोडून सगळं साठतं. अफवा, बायोडेटा आणि किस्से! नव्वदच्या दशकात शारजातल्या एका ग्रीक कंत्राटदाराकडे आम्ही अकरा जण होतो. प्रोजेक्ट संपत आलेला. व्हिसा कॅन्सल झाला की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, आणि माझी ऋचा दहावीत!

*

आमचे मॅनेजर कोस्तास. टेन्शन आलं की ते मण्यांची छोटी माळ बोटांवर फिरवत. जप वगैरे काही नाही, नुसतं खट् खट्. ग्रीक लोकांची सवयच ती. केबिनमधून आवाज येतोय तोवर ठीक. थांबला, की कोणाला तरी आत बोलावणं! रत्नागिरीचा आमचा फोरमन तुकाराम साइटवरून मला फोन केला की आधी तेच विचारायचा, "सावंतसाहेब, माळ चालू हाय ना?"

*

एकदा अथेन्सहून फॅक्स आला. सगळा ग्रीकमध्ये. ओळी मोजल्या, बरोब्बर अकरा! तासाभरात सगळ्यांनी बायोडेटा टाइप केले. मीही केला.

संध्याकाळी कळलं, ते कोस्तासच्या इथेच शारजात शिकणाऱ्या मुलीच्या, एलेनीच्या ग्रीक बोर्डाच्या बारावीचं टाइमटेबल होतं. कोस्तास आमच्यापेक्षा घामाघूम! म्हणाले, "तुम्हाला हेड ऑफिसची भीती, मला केमिस्ट्रीची!"

*

ऑफिसच्या पिकनिकला कोस्तासनी ऋचाच्या मार्कांचं कौतुक केलं आणि तिच्याकडे बघून तीनदा "फ्तू फ्तू फ्तू" केलं.

"अहो, पोरीवर थुंकला की हो तो!" माझी बायको सुनीता किंचाळलीच.

"आई, रिलॅक्स! इट्स जस्ट लाइक युवर दृष्ट," ऋचा म्हणाली.

मग सुनीताने मीठ, मोहरी, मिरच्या, सगळं समजावलं. कोस्तासनी ते डायरीत लिहून घेतलं.

*

प्रिलिमच्या आदल्या दिवशी सुनीताने ऋचाची दृष्ट काढली आणि मिरच्या गॅसवर टाकल्या. फायर अलार्म वाजला! सात मजल्यांची बिल्डिंग खाली पार्किंगमध्ये.

"भाभी, क्या जल गया?" वॉचमनने विचारलं.

"कुछ नहीं भैया, नजर."

ऑफिसात सगळे हसले. कोस्तास हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "मिरच्या किती घेतल्या?"

*

फेब्रुवारीत एका दुपारी माळ थांबली.

"सावंत, आत या."

टेबलावर ग्रीक पत्र. एकच ओळ.

"सर, मुलगी दहावीत आहे हो," एवढंच तोंडातून निघालं.

"माझी बारावीत आहे," ते म्हणाले. मग त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे माझं नाव आहे."

त्यांनी माळ खिशात टाकली.

"सावंत, मिसेस आज घरी आहेत ना? एलेनीला घेऊन येतो. धूर हाकायला अलार्मखाली मी स्वतः पेपर हलवत उभा राहीन."