गाडी कुठं उभी राहते, असं विचारणारे हबीबभाई

हबीबभाईंची आणि माझी ओळख भांडणाने झाली. उस्मानपुऱ्यात गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान मी नुकतेच थाटले होते आणि शेजारीच त्यांचे गॅरेज होते. एका जुन्या मोटारीत, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरजवळ पेट्रोल गळत होते. गाडीच्या मालकांनी माझ्याकडून सांध्यांत बसवायच्या गॅस्केटचा संच नेला, आणि थोड्याच वेळात हबीबभाईंनी स्वतः येऊन तो न फोडता माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "गोविंदराव, दुखतंय कुठं ते कळायच्या आधी औषध कामून विकता?" मग मला हाताला धरून गाडीपाशी नेले, पेट्रोलच्या पाइपाची सैल झालेली क्लिप आवळली आणि गळती थांबवून दाखवली. माझा राग तिथल्या तिथे विरघळला असे लिहिले तर शोभून दिसेल. पण बोहनीच्या वेळी परत आलेला माल कोण विसरतो? तो राग पुष्कळ दिवस टिकला.

आज हबीबभाई पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या शिष्यांनी त्यांच्याविषयी भरभरून लिहिले आहे. मी त्यांचा शिष्य नाही, शेजारी आहे. शेजाऱ्याला घरातला आवाजही ऐकू येतो, म्हणून संपादकांनी मला गाठले असावे.

कार्ब्युरेटरची गळती शोधण्याची त्यांची पद्धत सगळ्या शहराला ठाऊक आहे. आधी गाडी उघड्यावर घ्यायची आणि बिडीवाल्यांना लांब पिटाळायचे. इंजिन थंड झाले की कार्ब्युरेटर कोरड्या फडक्याने लख्ख पुसायचा आणि त्यावर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरायची. मग इंजिन सुरू करून, हात मागे बांधून नुसते बघत राहायचे. पावडर सर्वांत आधी जिथे ओली होते तिथे गळती. "थेंब खाली पडतो, चोर वर बसलेला असतो," असे ते म्हणतात. लोकांना वाटते त्यांच्या हातात जादू आहे. मला विचाराल तर त्यांच्याजवळ आहे तो धीर, आणि तो आमच्या धंद्यात फार महाग जिन्नस आहे.

त्यांचा दुसरा नेम म्हणजे एक प्रश्न. लासूर स्टेशनचे एक आडते आपल्या वडिलांची गाडी घेऊन आले. रोज सकाळी गाडीखाली पेट्रोलचे थारोळे, आणि गॅरेजात मात्र थेंबही नाही. दोन ठिकाणी कार्ब्युरेटर खोलून झाला होता. घरचे म्हणत होते, एक दिवस पेट घेईल, भंगारात काढा. हबीबभाईंनी विचारले, "रात्री गाडी कुठं उभी राहते?"

"घरी. आणखी कुठं?"

"ते व्हय. पण तिचं तोंड कुणीकडं?"

"मिस्त्री, गळती गाडीला हाय का माझ्या घराला?" आडते तडकले.

हबीबभाई दुसऱ्या दिवशी स्वतः लासूरला गेले. अंगणाला उतार होता, आणि गाडी तोंड खाली करून उभी राहत होती. मागची टाकी वर गेल्यामुळे पेट्रोल रात्रभर आपोआप पुढे यायचे, आणि ते अडवणारी कार्ब्युरेटरमधली सुई झिजलेली. सपाट जमिनीवर हा दोष दिसणार तरी कसा! त्यांनी सुई बदलली आणि जाता जाता सांगितले, "आता तिला फिरवून लावा. माणूस तरी डोकं खाली करून झोपतो का?"

त्यांच्या मायेविषयीही सांगायला हवे. मी दवाखान्यात पडलो तेव्हा त्यांनी माझे दुकान सांभाळले. रोज डबा आणला, आणि निम्म्या गिऱ्हाइकांना "आधी पुसून बघा" म्हणून परतही पाठवले. असा सांभाळ शत्रूच्याही दुकानाला लाभो!

काही वर्षांपूर्वी साथीच्या तापातून हबीबभाई उठले, पण त्यांना वास येईनासा झाला. भाजी करपलेली कळेना, अत्तर कळेना. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही. येईल परत, असे त्यांना वाटत होते. एके दिवशी त्यांनी दुरुस्त केलेल्या गाडीत मालकीणबाई बसल्या आणि लगेच उतरल्या. "पेट्रोलचा वास येतोय हो." एका जोडातून बारीक पाझर होता. अनर्थ काही झाला नाही. पण हबीबभाई तिथेच टायरवर बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून गॅरेजचे शटर वर गेले नाही.

मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, तुमच्याऐवजी वास मी घेईन. ते म्हणाले, "गोविंदराव, पेट्रोल दिसायच्या आधी वासाला येतं. मला कळलं नाय, अन् आत एखादं लेकरू असलं तर?"   

उत्तर दिले ते जुबेदाभाभींनी. चहा ठेवता ठेवता नवऱ्याला म्हणाल्या, "लोगां को जिंदगीभर बोले, अपने भरोसे पे नक्को रहो, पोंछ के देखो. और खुद क्या करे? मुंह पोंछ के घर में बैठ गए?"

हबीबभाई हसले नाहीत. पण काही दिवसांनी शटर वर गेले. तेव्हापासून ते येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगतात, "मला वास येत नाय. पटत असलं तरच गाडी सोडा." काही लोक निघून गेले. बहुतेक राहिले. पावडर आता ते दोनदा भुरभुरतात, आणि प्रत्येक जोडावर बोट फिरवतात. पाझर असला तर उडून जाणारे पेट्रोल बोटाला गार लागते. एवढे झाल्यावर मालकाला वाकून स्वतः वास घ्यायला लावतात. त्या वेळी ते इंजिनाकडे बघत नाहीत, मालकाच्या चेहऱ्याकडे बघतात. निकालाच्या दिवशी पोर मास्तरांकडे बघते तसे. पंचाहत्तरीच्या माणसाने रोज असे उभे राहणे सोपे नाही. मला ते बघवत नाही, आणि बघितल्याशिवाय राहवतही नाही.

हबीबभाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, जुबेदाभाभींचे बोलणे त्यांना रोज ऐकायला मिळो. आणि माझे एक मागणे जास्तीचे आहे. एखाद्या सकाळी त्यांनी कुठल्याशा गाडीचे बॉनेट उचलावे, क्षणभर थबकावे, आणि आम्हा कोणालाही काही कळायच्या आत ओरडावे, "अरे, पेट्रोल!" ती गळती माझ्या दुकानातल्या मालाची निघाली तरी चालेल. पेढे मी वाटीन.