तुटत्या ताऱ्यांची चौकशी

वडील जाऊन चार वर्षं झाली, तरी त्यांच्यावरचा खटला आईनं मागं घेतला नव्हता. आरोप एकच. आमच्या कागल भागात शेतीची लाईट रात्रीची यायची. त्यामुळं वडील उसाला पाणी पाजायला जेवून जे निघायचे, ते उजाडताना उगवायचे. उशीर का झाला विचारलं की म्हणायचे, "तारं तुटत हुतं. बघत बसलो." आई म्हणायची, "तारं कशाचं तुटत्यात? पत्त्याचा डाव मोडत न्हाय तुमचा." मोटारीच्या खोलीत पत्ते कुटणारी टोळी होतीच, त्यामुळं संशयाला भरपूर जागा होती.

गेल्या डिसेंबरात पेपरात आलं की उल्कावर्षाव दिसणार. मध्यरात्रीनंतर बघा, गावच्या उजेडापासून लांब जा, पाठीवर झोपा, डोळ्यांना अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या. मी ते मोठ्यानं वाचलं आणि फसले. आई म्हणाली, "मला दाव. एकदाचा निकाल लागू दे."

वडिलांच्या उमेदीतला अंधार कागलात आता उरला नव्हता, त्यामुळं तिथं निकाल लागण्यातला नव्हता. एकीकडं हायवे, दुसरीकडं औद्योगिक वसाहत, त्यात हंगामात रात्रभर लखलखणारे साखर कारखाने. आमच्याकडं चंद्र दिसला तरी नशीब म्हणायचं. म्हणून शाहूवाडीकडच्या पठारावर जायचं ठरलं. माझ्या नवऱ्याला तर निमित्तच हवं होतं. त्यानं नुकतीच सनरूफवाली गाडी घेतली होती आणि छताला पैसे देऊन पाडलेल्या त्या भोकाचं करायचं काय, हे त्याला अजून उमगलं नव्हतं.

पठारावर मिट्ट काळोख होता आणि थंडी अशी की दात वाजत होते. मी दार उघडणार तोच नवरा ओरडला, "उतरू नको! गवं असत्यात हितं." गवा म्हणजे दारातली म्हैस नव्हे, हे मलाही कळतं. पण आभाळ बघायला एवढ्या लांब यायचं आणि चारी दारं लॉक करून बसायचं, याला काय म्हणावं? मग सनरूफ उघडला. स्वारी सीटवर उभी राहून कमरेपर्यंत बाहेर, आणि कुस्तीच्या मैदानात चालतं तसं निवेदन सुरू. "आली! डावीकडनं आली! लांबलचक हाय! गेली!" आम्ही दोघी खाली बसून त्याच्या बुटांचं दर्शन घेत होतो. आईचे गुडघे असे की सीटवर चढणं म्हणजे तिला पन्हाळा चढणं.

चार-पाचदा "आली, गेली" झाल्यावर आई भडकली. जावयाला म्हणाली, "पावणं, जलमभर ह्येच ऐकलंय. आणि पुन्हा ह्येच ऐकाय आलोय व्हय मी हितं?"

दार उघडून ती उतरलीच. घोंगडं अंथरलं आणि आडवी झाली.

"मामी, गवा आला तर?" नवरा वरनं ओरडला.

"आला तर त्यालाबी म्हणा, आडवा हो."

मीही तिच्या शेजारी पडले. नवरा भोकातच राहिला. बराच वेळ काहीच दिसेना. आई म्हणाली, "बघ. पत्तंच." तेवढ्यात एक तारा तुटला, डोक्यावरून निघाला तो पार डोंगराच्या कडेपर्यंत गेला. मग दुसरा. मग दोन एकदम. आई गप्प. तिला गप्प बघणं हे उल्केपेक्षाही दुर्मीळ.

मला तर उकळ्या फुटल्या. वडील निर्दोष सुटले होते. "बघितलंस? आबा खरं सांगायचे," मी म्हणाले.

"व्हय की. खरंच बघत बसायचा तुझा बा."

मग घोंगड्याचं टोक अंगावर ओढून घेत ती हळूच म्हणाली, "रान हाकेवर हुतं आपलं. एकदाबी म्हणाला न्हाय, चल, तूबी बघ."

गाडीतनं नवरा ओरडला, "आली, आली!" आम्ही दोघींनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"त्यापरास पत्तं कुटत असता," आई म्हणाली, "तर बरं झालं असतं."